ओझूच्या सिनेमात युद्ध कुठे आहे?

खिडकीपाशी (धागाकर्ता)
शनिवार, रात्री १०:५०

मंडळी, कुरोसावावर इथे दर पावसाळ्यात एक धागा निघतो आणि शंभरी गाठतो. यासुजिरो ओझू या दुसर्‍या जपानी दिग्दर्शकाचं नाव शोधलं तर कुठल्यातरी यादीतला ओझरता उल्लेख तेवढा सापडतो. म्हणून हा प्रपंच. 'महान दिग्दर्शकाची ओळख' छापाचं काही लिहायचं नाहीये, मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. पण त्याआधी थोडं चरित्र सांगणं भाग आहे.

जन्म १२ डिसेंबर १९०३, टोकियोचा फुकागावा भाग. घरी खतांचा व्यापार. हा नऊ वर्षांचा असताना वडिलांनी बायकोपोरांना मूळ गावी, मिए प्रांतातल्या मात्सुसाकाला पाठवलं आणि स्वतः धंद्यापायी टोकियोत राहिले. म्हणजे पुढे जन्मभर 'बाप' या विषयावर सिनेमे काढणार्‍या माणसाची शाळेची सगळी वर्षं बाप परगावी असताना गेली. शाळेत दिवे लावलेच. खालच्या वर्गातल्या एका देखण्या मुलाला चिठ्ठी लिहिल्याच्या आरोपावरून वसतिगृहातून काढलं, मग रोज आगगाडीने शाळा. प्रवेशपरीक्षांत नापास. वर्षभर डोंगरातल्या एका खेड्यात बदली मास्तर. शेवटी १९२३ साली एका काकाच्या ओळखीने शोचिकु कंपनीच्या कामाता स्टुडिओत कॅमेरा उचलायला लागला.

दिग्दर्शक झाला त्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. कँटीनमध्ये हा भुकेला बसलेला, आणि याची पाळी असताना करी-भाताची ताटली गेली उशिरा आलेल्या एका दिग्दर्शकापुढे. याने आवाज चढवला, कोणीतरी 'असिस्टंटांनी थांबायचं असतं' म्हणालं, याने हात उचलला. स्टुडिओप्रमुख शिरो किदोने बोलावून घेतलं. नोकरी जायच्या ऐवजी पटकथा मागवली गेली. १९२७ साली पहिला सिनेमा, तलवारबाजीचा. तो पुरा व्हायच्या आत राखीव सैनिक म्हणून प्रशिक्षणाला बोलावणं आलं आणि उरलेलं चित्रण दुसर्‍याने उरकलं. त्याची प्रत आज अस्तित्वात नाही.

मग मूकपटांचा धडाका. विनोदी, कॉलेजची पोरं, बेकार पदवीधर, अगदी गुन्हेगारीपटसुद्धा. १९३२, ३३ आणि ३४ अशी सलग तीन वर्षं 'किनेमा जुनपो' मासिकाने त्याचा सिनेमा वर्षातला सर्वोत्तम ठरवला. तेव्हा वय तिशीच्या आसपास.

आता मुद्द्यावर येतो. सप्टेंबर १९३७ मध्ये त्याला चीनच्या आघाडीवर पाठवलं. नुसता सैनिक म्हणून नव्हे, त्याची तुकडी विषारी वायू हाताळणारी होती. जवळपास दोन वर्षं तो तिथे होता. त्याचा जिवलग मित्र, दिग्दर्शक सादाओ यामानाका, त्याच युद्धात १९३८ मध्ये आमांशाने गेला. वय फक्त २८. परत आल्यावर ओझूने लिहिलेली पहिली पटकथा सरकारी सेन्सॉरने अडवली. का, तर नवरा आघाडीवर जायच्या आदल्या रात्री नवरा-बायको चहा ओतलेला साधा भात खातात. सेन्सॉरचं म्हणणं, अशा मंगल प्रसंगी लाल घेवड्याचा सणाचा भात हवा! आपल्याकडे मुलगा रणांगणावर निघालाय आणि त्याला ताकभात का वाढला, पुरणपोळी का नाही, असं एखाद्या बाबूने लेखी विचारावं तसं. ओझूने बदल करण्यापेक्षा पटकथा गुंडाळून ठेवली. १९५२ मध्ये तीच काढली तेव्हा नवरा युद्धाऐवजी कंपनीच्या कामाने उरुग्वेला निघतो.

पुढे १९४३. लष्कराने त्याला सिंगापूरला धाडलं. कशासाठी? तर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यलढ्यावर, म्हणजे सुभाषबाबू आणि आझाद हिंद सेनेच्या बाजूने प्रचारपट काढायला. नावसुद्धा ठरलेलं, 'दिल्लीकडे, दिल्लीकडे' अशा अर्थाचं. 'चलो दिल्ली'ची जपानी आवृत्ती म्हणा. थोडं चित्रण झालं. बाकी वेळ हा माणूस जप्त केलेले अमेरिकन सिनेमे बघत बसला, त्यात 'सिटिझन केन'ही होता. जपान हरल्यावर पटकथा आणि झालेलं चित्रण त्याने जाळून टाकलं. मग युद्धकैद्यांची छावणी, रबराच्या मळ्यात मजुरी. मायदेशी जाणार्‍या पहिल्या जहाजासाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्याचं नाव निघालं, आणि त्याने ती जागा दुसर्‍याला देऊन टाकली. फेब्रुवारी १९४६ मध्ये घरी.

यानंतर जे सिनेमे आले ते आज जग डोक्यावर घेतं: 'लेट स्प्रिंग' (१९४९), 'अर्ली समर' (१९५१), 'टोकियो स्टोरी' (१९५३). आणि त्यांच्याबद्दल ठराविक बोललं जातं. ध्यानस्थ, झेन, कालातीत, मुलीचं लग्न, रिकामी खोली. माझं म्हणणं असं की हे सिनेमे अजिबात कालातीत नाहीत. ते युद्धातून परतलेल्या माणसाने युद्धातून परतलेल्या लोकांसाठी काढलेत आणि प्रत्येकात युद्ध घरातल्या घरात बसलेलं आहे. पटतंय का?

रिकामा_डबा
शनिवार, रात्री ११:२०

वाचतोय. उदाहरणं द्या की पण. 'प्रत्येकात युद्ध आहे' म्हणायला काय जातं.

खिडकीपाशी
रविवार, सकाळी ८:०५

घ्या. 'लेट स्प्रिंग'मधली नोरिको सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची. का राहिली? युद्धकाळात सक्तीची कामं करून तब्येत ढासळली म्हणून. बाप आणि त्याचा मित्र सहज बोलता बोलता सांगून जातात, आता रक्ताचे आकडे सुधारलेत वगैरे. चहा थंड होईपर्यंत तो विषय संपतो सुद्धा. पण अख्ख्या सिनेमाचं कारण त्या दोन वाक्यांत आहे.

'टोकियो स्टोरी'त मधला मुलगा शोजी युद्धात गेलाय. आठ वर्षं झाली, त्याचा फोटो सुनेच्या खोलीत. सासूबाई एक रात्र तिच्याकडे मुक्कामाला येतात आणि मेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपायला मिळालं म्हणून खूश होतात. तेच वाक्य, तसंच हसत. पुढे तिघे म्हातारे दारू प्यायला बसतात. एकाची दोन्ही मुलं युद्धात गेलेली. दोघांमध्ये बोलणं होतं ते असं, की मुलं जाणं वाईटच, पण जिवंत मुलांबरोबर राहणंही सोपं नाही. आणि परत पेला भरतात.

पण मला सगळ्यात भिडतो तो 'अर्ली समर'. या घरातलाही एक मुलगा बेपत्ता, नाव पुन्हा शोजीच. आई अजून रेडिओवर हरवलेल्यांची माहिती सांगणारा कार्यक्रम ऐकते. बापाने आशा सोडलीय, तिने नाही. या शोजीचा बालमित्र शेजारी राहतो, विधुर, पदरी एक पोर. तो आणि या घरातली मुलगी, तिचंही नाव नोरिको, एका चहाच्या दुकानात बसलेत. तो सांगतो की शोजीने आघाडीवरून पाठवलेलं एक पत्र माझ्याकडे आहे, त्यात सातूचं कणीस होतं. ती म्हणते, ते पत्र मला देशील? तो म्हणतो, हो, तुला द्यायचंच होतं. बस. प्रेमाबिमाचं एक अक्षर नाही. थोड्या वेळाने ती याच माणसाशी लग्न करायचं ठरवते आणि घरच्यांवर आभाळ कोसळतं, कारण त्यांनी चांगलं श्रीमंत स्थळ काढलेलं असतं. सिनेमा संपतो तो सातूच्या शेतावर. वार्‍यावर डोलणारं शेत, आणि एरवी जागचा न हलणारा ओझूचा कॅमेरा तिथे सरकतो.

ते शेत बघून 'अहाहा निसर्ग' म्हणणार्‍यांचे लेख मी वाचलेत. अरे, ते कणीस विसरलात का?

कट्टावाली
रविवार, सकाळी ९:३०

वा! कणसाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हा सिनेमा महोत्सवात बघितला होता आणि खरं सांगायचं तर मध्ये डुलकी काढली. बाजूचे आजोबा चक्क घोरत होते. माझा प्रश्न बाळबोध आहे: याची पात्रं सरळ कॅमेर्‍यात बघून का बोलतात? मला सारखं वाटत होतं की मलाच काहीतरी विचारतायत.

फोकसपुलर
रविवार, दुपारी १२:१५

कट्टावाली, उत्तर देतो, हा आपला प्रांत आहे. :)

सिनेमा शिकताना पहिल्या आठवड्यात सांगतात की दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेघ ओढा आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर प्रेक्षकाचा गोंधळ होतो. ओझू ती रेघ खुशाल ओलांडतो. कॅमेरा जवळपास दोघांच्या मध्ये नेऊन ठेवतो, आधी याच्या तोंडासमोर, मग तिच्या. त्यामुळे दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. चूक म्हणून नव्हे, ठरवून.

दुसरं, कॅमेर्‍याची उंची. 'चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याइतकी' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्याहून खाली असतो. त्यासाठी खास बुटका स्टँड बनवून घेतला होता आणि छायाचित्रकार युहारू आत्सुता बिचारा पोटावर झोपून काम करायचा. आणि हे जमिनीवर बसायच्या खोल्यांपुरतं नाही. ऑफिसात, बारमध्ये, इस्पितळाच्या बोळात, सगळीकडे तसंच. त्यामुळे जपानी माणूस जमिनीवर बसतो म्हणून कॅमेरा खाली, हे स्पष्टीकरण गळून पडतं. खालून बघितलं की जमिनीचा पसारा कमी होतो, भिंती-दारांच्या चौकटी ठसठशीत दिसतात, माणूस त्या चौकटीत बसवता येतो. तो चित्र रचत होता. भिंग बहुतेक कायम ५० मिमीचं. एक चित्र दुसर्‍यात विरघळवणं त्याने पुढे बंदच केलं. नटांना पेला किती उंच उचलायचा, कधी ठेवायचा हे सुद्धा आखून दिलेलं.

रंगीत सिनेमाला तो बरीच वर्षं तयार नव्हता. १९५८ साली 'इक्विनॉक्स फ्लॉवर' रंगीत केला तो कंपनीच्या आग्रहाने, कारण दुसर्‍या कंपनीची फुजिको यामामोतो ही तारका उसनी आणली होती आणि ती रंगात दिसायला हवी होती. मग हा गडी हट्टाने जर्मन आग्फा फिल्म घेऊन बसला, तिच्यातला लाल त्याला आवडायचा म्हणून. आणि मग ती प्रसिद्ध लाल किटली. एका शॉटमध्ये डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, कोणी हलवली कळत नाही. सलगतेची काळजी घेणारे लोक रडले असते.

सानिका_योकोहामा
रविवार, दुपारी ३:४०

खिडकीपाशी, सुंदर लिहिलंयत. मी इथेच जवळ राहते म्हणून थोडी भर घालते.

'लेट स्प्रिंग' सुरू होतो तो किता-कामाकुरा स्टेशनावर, आणि पहिलाच मोठा प्रसंग एंगाकु-जी देवळातल्या चहाच्या समारंभाचा. ते देऊळ स्टेशनाला अगदी लागून आहे. ओझूची समाधी त्याच आवारात. काळा चौकोनी दगड, त्यावर नाव नाही, एकच अक्षर कोरलेलं, 'मु', म्हणजे 'काहीच नाही'. लोक साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, बाटल्या ठेवून जातात. आम्ही गेलो तेव्हा पण होत्या, एक बिअरसुद्धा.

साके ठेवण्याचं कारण आहे. ओझू आणि त्याचा पटकथाकार कोगो नोदा, दोघं मिळून लिहायचे. लिहायचे म्हणजे चिगासाकीच्या समुद्रकाठच्या एका जुन्या खानावळवजा मुक्कामघरात महिनोन् महिने ठाण मांडायचे, खायचे, प्यायचे, फिरायचे, आणि अधूनमधून संवाद. रिकाम्या बाटल्यांची मोजदाद ठेवायचे. 'टोकियो स्टोरी'ला १०३ दिवस आणि ४३ बाटल्या लागल्याची नोंद आहे. नंतर नागानोच्या डोंगरात, तातेशिनाला, नोदाच्या बंगल्यावर हाच कार्यक्रम. सेटवर जाण्याआधी सिनेमा कागदावर पुरा झालेला असायचा.

लग्न केलं नाही. आईची शेवटची दहा वर्षं तिच्याबरोबर कामाकुरात. जगाला मुलींची लग्नं लावायला सांगणारा माणूस स्वतः आईजवळ राहिला, याची इथल्या जुन्या लोकांना अजून गंमत वाटते.

रिकामा_डबा
रविवार, रात्री ९:००

कणसाचं उदाहरण मान्य. पण मला वेगळीच गोष्ट खटकतेय आणि धाग्यात सगळे वाहवा करण्यात गुंतलेत म्हणून लिहितो.

तुम्हीच म्हणालात तो वायूच्या तुकडीत होता. मग त्याच्या सिनेमातलं युद्ध कसलं? आमचा मुलगा गेला, आमची सून एकटी पडली, आमच्या मुलीची तब्येत बिघडली. जे काही झालं ते आम्हाला झालं. आम्ही चीनमध्ये काय केलं याचं एक वाक्य दाखवा मला. नाही सापडणार. त्याच शोचिकु कंपनीत मासाकी कोबायाशी होता. तोही मांचुरियात सैनिक होता, बढती नाकारून शेवटपर्यंत साधा शिपाई राहिला, आणि परत येऊन १९५९ ते ६१ मध्ये साडेनऊ तासांचा 'द ह्यूमन कंडिशन' काढला. चिनी कैद्यांवरचे अत्याचार, सैन्यातली मारहाण, सगळं समोर. याला म्हणतात युद्धावर बोलणं. तुमचा ओझू बाजूच्याच आवारात लाल किटली इकडून तिकडे करत होता.

अण्णा_गिरगावकर
रविवार, रात्री ९:४५

डबेराव, जहाल हो! पण मुद्दा आहे.

खिडकीपाशी
सोमवार, रात्री १०:१०

रिकामा_डबा, तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. चीनबद्दलचं ते वाक्य खरंच नाहीये. ओझूने प्रायश्चित्त घेतलं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. काही टीकाकार शांततेचा प्रेषित म्हणून त्याची आरती करतात, त्यांना त्याची वायूची तुकडी अडचणीची वाटते म्हणून ते ती गाळतात. मी ती मुद्दाम वर लिहिली.

त्याने सरळ प्रयत्न एकदा केला होता. १९४८ चा 'अ हेन इन द विंड'. नवरा युद्धावरून परतलेला नाही, पोर आजारी, इस्पितळाचं बिल भरायला बायको एक रात्र शरीर विकते. नवरा परत येतो, कळतं, आणि तो तिला जिन्यावरून ढकलतो. ती गडगडत खाली येते तो प्रसंग बघवत नाही. ओझूला स्वतःला तो सिनेमा फसला असं वाटायचं, नोदालाही आवडला नव्हता. त्यानंतरच दोघं पुन्हा एकत्र बसले आणि 'लेट स्प्रिंग' लिहिला. म्हणजे ते घरगुती, शांत जग त्याचा जन्मजात स्वभाव होता असं नाही. समोरासमोर करून बघितलं, जमलं नाही, म्हणून त्याने दुसरी वाट धरली.

आणि शेवटचा सिनेमा, 'अ‍ॅन ऑटम आफ्टरनून' (१९६२). चिशू र्‍यू या नटाने रंगवलेला हिरायामा युद्धात नौदलाचा कप्तान होता, आता कारखान्यात अधिकारी. रस्त्यात त्याला हाताखालचा जुना माणूस भेटतो, आता गाड्या दुरुस्त करतो. तो साहेबांना एका छोट्या बारमध्ये नेतो. चार पेले पोटात गेल्यावर विचारतो, साहेब, आपण जिंकलो असतो तर? आज आपण न्यूयॉर्कमध्ये असतो, निळ्या डोळ्यांचे लोक केसांचे टोप घालून शामिसेन वाजवत बसले असते! हिरायामा हसून म्हणतो, हरलो तेच बरं झालं की. तो माणूस क्षणभर थांबतो. मग म्हणतो, खरंय, ते मूर्ख लोक तरी आता मिजास दाखवू शकत नाहीत. बारवाली नौदलाच्या कूचगीताची तबकडी लावते आणि तो गडी सलाम ठोकत दुकानभर कवायत करतो. हिरायामाही बसल्या बसल्या सलाम करतो. बारवालीही.

हा प्रसंग मला नीट पकडताच येत नाही. उपहास आहे का? आठवणींचा उमाळा? तिघंही हसतायत, हरलो ते बरं असंही म्हणतायत, आणि सलामही खरा आहे. बारवाली आपल्या वारलेल्या बायकोसारखी दिसते असं हिरायामाला वाटतं. शेवटी मुलीचं लग्न लावून तो त्याच बारमध्ये येतो, समारंभाच्या काळ्या कोटात. ती विचारते, कुठून आलात, मयताहून? तो म्हणतो, तसंच काहीसं. आणि ती परत तीच तबकडी लावते.

कोबायाशीने जे केलं ते ओझूला करता आलं नसतं. पण हरलेला माणूस त्या गाण्यावर पाय हलवतो आणि त्याच वेळी हरलो ते बरं म्हणतो, हे कोबायाशीच्या साडेनऊ तासांत नाही.

रिकामा_डबा
सोमवार, रात्री १०:४०

बघतो हा. तरी माझं चीनबद्दलचं म्हणणं मागे घेत नाहीये.

मलाक्का_रोड
मंगळवार, सकाळी ७:५०

सिंगापूरकर हजर. आमच्याकडे कॅथे इमारत आहे. जपानी ताब्याच्या काळात लष्कराचं प्रचार खातं तिथे होतं. त्याच इमारतीतल्या थिएटरात जुलै १९४३ मध्ये रासबिहारी बोसांनी सुभाषबाबूंकडे सूत्रं दिली आणि २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. आता १९३९ चा दर्शनी भाग तेवढा जपलाय, मागचं सगळं नवीन. इथे येणार्‍या प्रत्येक मराठी पाहुण्याला मी ही जागा दाखवतो, नेताजींसाठी. ओझूही याच काळात याच शहरात हेच काम करायला आला होता, हे मला या धाग्यामुळे कळलं. तो सिनेमा जाळला नसता तर आपल्या इतिहासवाल्यांनी त्यासाठी काय दिलं असतं!

खिडकीपाशी
मंगळवार, सकाळी ९:१५

मलाक्का_रोड, अगदी. आत्सुता आणि पटकथाकार र्‍योसुके साइतो हेही त्याच्याबरोबर सिंगापुरात होते. दोस्त राष्ट्रांच्या हाती प्रचारपट सापडला असता तर काय झालं असतं ते उघड आहे, त्यामुळे जाळणं समजू शकतो. पण ओझूच्या नजरेने टिपलेले आझाद हिंदचे जवान... असो. हळहळून उपयोग नाही.

मृदुला_के
मंगळवार, दुपारी २:३०

'टोकियो स्टोरी'बद्दल मला भांडायचंय. :) म्हातारे आईबाप मुलांकडे जातात, मुलांना वेळ नसतो, विधवा सून तेवढी माया करते. आपल्याकडे या कथेवर रडारडीचे किती सिनेमे निघाले याची गणती नाही, आणि सगळ्यांत मुलं राक्षस. म्हणून ओझू बघताना सगळे थोरल्या मुलीला, शिगेला, शिव्या घालतात. हारुको सुगिमुराने काम इतकं चोख केलंय की राग येतोच. नवरा आईबापांसाठी महागाचे केक आणतो तर ही म्हणते, कशाला इतके भारी. त्यांना आतामीच्या स्वस्त हॉटेलात धाडून देते, तिथे रात्रभर शेजारी माहजोंग खेळणार्‍यांचा गोंधळ. आईला भेटायला निघतानाच सुतकाचे कपडे बरोबर घेते, आणि आई गेल्यावर जेवता जेवता तिच्या कपड्यांची वाटणी मागते.

पण बाई घरातच ब्यूटी पार्लर चालवते. दिवसभर उभी. गिर्‍हाईक खुर्चीत बसलेलं असताना आईबाप दारात. टोकियो तेव्हा राखेतून उभं राहत होतं, तिच्यासारख्यांनीच उभं केलं. आईच्या उशाशी सगळ्यात मोठ्याने रडते तीही शिगेच, आणि ते रडणं खोटं नाही. दहा मिनिटांत ती परत व्यवहाराला लागते, कारण तिला लागावंच लागतं. त्या सुनेला, नोरिकोला, प्रेमळ राहणं परवडतं, तिच्या घरी कोणी वाट बघत नाही. आणि तीच शेवटी सासर्‍यांना सांगते की मी तुम्हाला वाटते तेवढी चांगली नाही, कित्येक दिवस मला तुमच्या मुलाची आठवणही येत नाही.

मी स्वतः दोन शहरांत आईवडील आणि नोकरी सांभाळते. मी शिगेच्या पार्टीत.

कट्टावाली
मंगळवार, दुपारी ३:००

मृदुलाताई, टाळ्या! मीही शिगे.

फोकसपुलर
मंगळवार, रात्री ८:२०

याच सिनेमावर शोहेई इमामुरा सहायक होता. त्याची आई नुकतीच मेंदूतल्या रक्तस्रावाने गेलेली, आणि सिनेमातली आईही तशीच जाते. आवाजाचं काम चालू असताना त्याला तो प्रसंग बघवेना, उठून स्वच्छतागृहात गेला. ओझू मागोमाग आला आणि विचारलं काय, तर 'मेंदूतला रक्तस्राव असाच दिसतो ना रे?' इमामुराला धक्का बसला, तसाच धडाही मिळाला. पुढे तो ओझूच्या बरोबर उलट्या वाटेने गेला: घाम, चिखल, गुन्हेगार, वेश्या. दोनदा कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं.

आणि कुरोसावाभक्तांसाठी: १९४३ मध्ये कुरोसावाचा पहिला सिनेमा तपासणीला गेला तेव्हा सेन्सॉरवाले त्याला सोलून काढत होते, फार इंग्रज-अमेरिकन वळणाचा आहे म्हणून. समितीवर ओझू होता. उठून म्हणाला, शंभरपैकी गुण द्यायचे तर मी या सिनेमाला एकशेवीस देतो. कुरोसावाने आत्मचरित्रात लिहिलंय. तेव्हा दोघांची कुस्ती लावू नका.

अण्णा_गिरगावकर
बुधवार, सकाळी १०:००

एवढा मोठा माणूस, मग जगाला इतका उशिरा का कळला? कुरोसावाला तर १९५१ मध्येच व्हेनिस महोत्सवाचं पारितोषिक मिळालं.

सानिका_योकोहामा
बुधवार, सकाळी ११:२५

अण्णा, कंपनीलाच वाटायचं की हे 'फार जपानी' आहे, परदेशी लोकांना कळायचं नाही. तलवारी विकल्या जात होत्या, चहाचे पेले कोण विकत घेणार? 'टोकियो स्टोरी'ला लंडनमध्ये १९५८ साली सदरलँड पारितोषिक मिळालं, तरी खरा बोलबाला त्याच्या मृत्यूनंतरच. २०१२ मध्ये एका ब्रिटिश मासिकाच्या मतदानात जगभरच्या दिग्दर्शकांनी याच सिनेमाला पहिला क्रमांक दिला. हे बघायला तो नव्हता. मानेला गाठ आली, १९६३ च्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि १२ डिसेंबर १९६३ ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी गेला. त्याच्या आधीच्या वर्षी, 'अ‍ॅन ऑटम आफ्टरनून' लिहीत असताना, आई गेली होती. सेत्सुको हारा, म्हणजे 'लेट स्प्रिंग', 'अर्ली समर' आणि 'टोकियो स्टोरी' या तिन्ही सिनेमांत नोरिको झालेली नटी, तीही त्याच सुमारास चित्रपट सोडून कामाकुरात राहायला गेली. मुलाखत नाही, फोटो नाही. २०१५ मध्ये वारली ते सुद्धा जगाला दोन महिन्यांनी कळलं.

रिकामा_डबा
शुक्रवार, रात्री ११:५५

'ऑटम आफ्टरनून' पाहिला. बारचा प्रसंग तुम्ही म्हणता तसाच आहे, मलाही पकडता आला नाही. पण बायकोने मध्येच येऊन विचारलं, की सगळे पुरुष सारखे पीतच का बसलेत, कामं कधी करतात? उत्तर नव्हतं. आता पोरांबरोबर बघण्याजोगा एखादा सांगा, नाहीतर घरात टीव्हीवर बंदी येईल.

खिडकीपाशी
शनिवार, सकाळी ८:३०

डबेराव, पोरांबरोबर असाल तर बेलाशक 'गुड मॉर्निंग' (१९५९). रंगीत, दीड तासाचा. वसाहतीतली पोरं कपाळावर टिचकी मारली की पादायची शर्यत लावतात आणि त्यासाठी प्यूमिस दगडाची पूड खातात. एकाला ते जमत नाही, त्याची चड्डी खराब होते. दोघे भाऊ टीव्ही हवा म्हणून मौनव्रत धरतात. मूकपट चालत असेल तर १९३२ चा 'आय वॉज बॉर्न, बट...', तिथे बाप साहेबांपुढे माकडचेष्टा करतो हे बघून पोरं उपोषणाला बसतात. 'टोकियो ट्वायलाइट'ने मात्र सुरुवात करू नका, तो फार काळोखा आहे.

आणि 'गुड मॉर्निंग' बघताना शेजारच्या म्हातार्‍याकडे लक्ष ठेवा. निवृत्त झालेला, नोकरी मिळत नाही, पिऊन चुकून दुसर्‍याच्या घरात शिरतो. बाप पोरांच्या हट्टापुढे नमून टीव्ही आणतो असं सगळे लिहितात. नीट बघा. म्हातार्‍याला विजेच्या वस्तू विकायची नोकरी लागलीय म्हणून तो त्याच्याकडून टीव्ही घेतो.